बुडापेस्टहून एकटीनं, एका दिवसात: एगेरला जा, पण परतीची गाडी आधी ठरव

"ताई, ऑक्टोबरच्या मध्यात कामासाठी बुडापेस्टला येतेय. मधला एक गुरुवार मोकळा आहे. एकटीच असेन, शाकाहारी आहे, हंगेरियन ओ की ठो कळत नाही. सकाळी रेल्वेनं जाऊन रात्री परत येता येईल असं एखादं जुनं गाव सांग. आणि एकटीनं जाणं ठीक आहे ना? आई आत्तापासूनच काळजीत आहे." तुझा प्रश्न एवढा. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

एगेरला जा. मी इथे चौदा वर्षं राहते, त्यातली नऊ वर्षं आपल्याकडच्या पाहुण्यांना घेऊन फिरते. एगेरला चाळीसेक वेळा तरी गेले असेन, निम्म्या वेळा एकटी. त्यामुळे जे सांगते त्यातलं बरंचसं स्वतः चुकून शिकलेलं आहे.

सगळे तुला सेंतेन्द्रे सांगतील. ते जवळ आहे, उपनगरी गाडीनं बात्त्यानी चौकातून चाळीसेक मिनिटांत पोचतेस, १६९० नंतर तुर्की मुलखातून पळून आलेल्या सर्बांनी वसवलेलं गोड गाव आहे. पण दोन-तीन तासांत संपतं, आणि मग माणूस मॅग्नेट विकत घेत बसतो. ते एखाद्या संध्याकाळी काम लवकर आटपलं तर कर. एस्तेरगोमला देशातलं सगळ्यात मोठं चर्च आहे, पण स्टेशन चर्चपासून लांब आहे आणि एवढ्या चालीनंतर बघायला मुख्य वास्तू एकच. पेच मला एगेरइतकंच आवडतं, पण गाडीत जवळपास तीन तास जायला आणि तीन यायला; तिथे एक रात्र राहायला हवं. एगेर बरोबर मधे बसतं: सुमारे दोन तासांची गाडी, गाव पायी फिरण्याएवढं आणि किल्ला असा की वेढे, सुरुंग, फितुरी यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही.

आता गाडी. एगेरच्या गाड्या केलेती स्टेशनवरून सुटतात. 'केलेती' म्हणजे 'पूर्वेचं'. बुडापेस्टला दिशांवरून नावं पडलेली तीन मोठी स्टेशनं आहेत, आणि दरवर्षी कुणीतरी पाहुणा चुकीच्या स्टेशनवरून मला फोन करतो. केलेतीला मेट्रोची दोन आणि चार नंबरची, अशा दोन्ही लाइन जातात. स्टेशन १८८४ चं आहे. दर्शनी कमान बघायला पाच मिनिटं हातात ठेव, पण ती परत आल्यावर बघितलीस तरी चालेल.

तिकीट रेल्वेच्या अॅपवर काढ. स्टेशनवर तिकीटखिडकी असताना गाडीत तिकीट मागितलंस तर जादा पैसे पडतात. इंटरसिटीच्या डब्यात बसायचं असेल तर मूळ तिकिटावर आणखी एक जादा तिकीट लागतं, आणि आपले लोक हमखास इथेच अडकतात. अॅपवर गाडी निवडून तिकीट काढलंस की ते लागत असेल तर तिथेच दिसतं.

काही गाड्या थेट एगेरला जातात, काहींना फ्यूझेशबोन्य या जंक्शनवर बदलावं लागतं. तू थेट गाडीच घे. पहिल्या वर्षी मी बदलाच्या गाडीत बसले होते, पुस्तकात डोकं घातलं, आणि फ्यूझेशबोन्य गेल्याचं कळलंच नाही. मुख्य लाइन तिथून पुढे मिश्कोल्त्सकडे जाते आणि एगेरचा फाटा डावीकडे उत्तरेला वळतो. मी मेझोक्योवेश्दला उतरले. ते गाव मात्यो भरतकामाचं. काळ्या कापडावर लाल गुलाबांचे ताटवे भरतात त्या बायका, युनेस्कोनं २०१२ मध्ये त्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. त्यामुळे दिवस अगदीच वाया गेला नाही. पण एगेर राहिलं. चूक सर्वस्वी माझी. फलाटावर नाव ढळढळीत लिहिलेलं होतं.

साडेसात-आठच्या सुमाराची गाडी पकड म्हणजे दहाच्या आसपास पोचशील. जाताना डाव्या हाताची खिडकी घे. हॉत्वॉन नावाचं स्टेशन लागेल, ज्याचा अर्थच 'साठ'. त्यानंतर डावीकडे मात्रा डोंगराची रांग दिसू लागते. तिच्यातला केकेश हा देशातला सगळ्यात उंच माथा, १,०१४ मीटर. हो, एवढाच. हंगेरीतल्या लोकांसमोर कळसूबाईची उंची काढू नकोस, मी एकदा काढली होती.

भाषेचं ओझं घेऊ नकोस, पण चार गोष्टी समजून ठेव. रोमन 'एस' एकटा आला की तो 'श' असतो, आणि 'एस-झेड' जोडीनं आले की 'स'. म्हणून तर इथले लोक आपल्या शहराला बुदापेश्त म्हणतात. 'सी-एस' म्हणजे 'च'. स्टेशनावर 'वागान्य' म्हणजे फलाट किंवा रूळ, 'इंदुल' म्हणजे सुटणार, 'एर्केझिक' म्हणजे पोचणार, 'केशिक' म्हणजे उशीर. 'पोत्लोबुस' हा शब्द दिसला तर सावध हो: रुळाचं काम चालू आहे आणि मधला टप्पा बसनं जायचा आहे. आदल्या रात्री अॅपवर एकदा बघितलंस की तेही कळतं. आणि नावं आपल्या शाळेच्या हजेरीसारखी, आडनाव आधी. दोबो इश्तवान म्हणजे इश्तवान हे नाव, दोबो हे आडनाव.

आता खरा सल्ला. एगेरचं स्टेशन गावाच्या दक्षिण टोकाला आहे आणि किल्ला बरोबर दुसऱ्या बाजूला. स्टेशनातून बाहेर पडून देआक फेरेन्त्स रस्त्यानं सरळ चालत राहिलीस की पंधरा-वीस मिनिटांत बॅसिलिकासमोर, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चसमोर, येतेस. पिवळी, भव्य, रुंद पायऱ्यांची. इथे शंभरातले नव्वद लोक आत शिरतात, मग समोरच लायसियम ही जुनी शिक्षणसंस्था आहे म्हणून तिथे जातात, मग जेवतात, आणि किल्ल्यावर पोचेपर्यंत तीन वाजलेले असतात, पाय गेलेले असतात, आणि जे बघायला आले ते घाईत उरकतात. तू बॅसिलिकाकडे फक्त एकदा बघ आणि पुढे चालत राहा. ती परतीच्या वाटेवरच आहे. सकाळी थेट किल्ला गाठ. सूर्य तेव्हा पूर्वेला, म्हणजे तटावर उभी राहिलीस की तुझ्या पाठीशी असतो, आणि खाली पश्चिमेला पसरलेलं सगळं गाव, लाल कौलं, चर्चचे मनोरे, तो एकटा मिनार, उजेडात न्हालेलं दिसतं. दुपारनंतर तेच गाव डोळ्यांवर ऊन घेत बघावं लागतं.

चढ म्हणशील तर नावालाच. राजगडाच्या पद्मावती माचीवर धापा टाकत पोचलेल्या माणसाला हा किल्ला टेकाड वाटेल. पहिल्यांदा मलाही हिरमोड झाल्यासारखं झालं होतं. पण या किल्ल्याचं बळ उंचीत नव्हतंच, आणि तेच समजून घेण्यासारखं आहे.

१५५२ साल. त्या उन्हाळ्यात तुर्कांनी तेमेश्वार घेतलं, सोल्नोक घेतलं, आणि कारा अहमद पाशा आणि अली पाशा यांच्या फौजा सप्टेंबरात एगेरखाली आल्या. जुन्या कथांमध्ये दीड-दोन लाखांची फौज सांगतात. आजचे इतिहासकार पस्तीस ते चाळीस हजारांपर्यंत खाली येतात. आतमध्ये बायकामुलं धरून दोन हजारांच्या आसपास माणसं. किल्लेदार दोबो इश्तवान, त्याच्या जोडीला मेकचेइ इश्तवान. शरण या म्हणून निरोप आला तेव्हा दोबोनं उत्तर पाठवलं नाही. तटावर दोन भाल्यांच्या मधे एक शवपेटी लटकवली. शिबंदीनं शपथ घेतली होती की तहाचा शब्द जो काढेल तो मरेल.

किल्ल्याखालचा दगड हा टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण आपला बसाल्ट कितीतरी कठीण. हा टफ कुदळीनं कापला जातो. म्हणून या गावाच्या पोटात मैलोगणती तळघरं आहेत, आणि म्हणूनच तुर्कांना तटाखाली सुरुंग खणणं सोपं गेलं. आतले लोक जमिनीवर ढोल ठेवून त्यावर वाटाणे पसरत, पाण्याच्या पराती ठेवत, असं सांगतात. खाली कुदळ पडली की वाटाणे थरथरत, मग समोरून उलटा भुयारी मार्ग खणायचा. भुयारांचा हा भाग, म्हणजे कासामाता, मार्गदर्शकाबरोबर बघायचा असतो. पोचल्या पोचल्या तिकीटखिडकीवर त्याची वेळ विचार आणि बाकीचा किल्ला त्या वेळेभोवती बसव. मार्गदर्शक हंगेरियनच बोलत असेल तरी जा. आत वर्षभर गारवा असतो, ऑक्टोबरात अंगात काहीतरी उबदार हवंच.

वेढ्यातला सगळ्यात वाईट दिवस ४ ऑक्टोबरचा. दारूकोठार केलं होतं किल्ल्यातल्या कॅथेड्रलच्या एका खोलीत, आणि ते उडालं. माणसं गेली, तटाला भगदाड पडलं, दारूचा साठा संपल्यात जमा झाला. त्यानंतर गंधक आणि सोरा मिळवून आतच दारू कुटली. बोर्नेमिस्सा गेर्गेय नावाच्या अधिकाऱ्याचं डोकं इथे चाललं: गिरणीच्या चाकात दारू, चरबी, लोखंडाचे तुकडे भरून ते पेटवायचं आणि भगदाडातून चढणाऱ्यांच्या अंगावर सोडायचं. कॅथेड्रलचे उरलेले चौथरे आणि खांबांचे बुंधे आजही तसेच उघड्यावर आहेत. बहुतेक लोक तिथे फोटो काढून पुढे जातात. तू तिथे दहा मिनिटं बस. १५५२ चा किल्ला म्हणजे काय ते मला त्या जागेवर कळलं, संग्रहालयातल्या पुतळ्यांपाशी नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचे हल्ले झाले, आणि त्यात बायका तटावर उतरल्या: उकळतं पाणी, डांबर, दगड, आणि हातात आली ती शस्त्रं. एगेरच्या बायका हा हंगेरीत वाक्प्रचारासारखा झाला आहे. सेकेय बेर्तालान या चित्रकाराचं १८६७ चं त्यावरचं मोठं चित्र बुडापेस्टच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आदल्या दिवशी वेळ मिळाला तर ते बघून जा, तट वेगळा दिसतो. सुमारे एकोणचाळीस दिवसांनी, १८ ऑक्टोबरच्या सुमारास, थंडी-पाऊस आणि उपासमारीला कंटाळून वेढा उठला. म्हणजे तू जाशील ते दिवस जवळपास तेच.

बहुतेक टूरवाले इथेच थांबतात. मी थांबत नाही. दोबोचं पुढे काय झालं? त्याच्याच राजाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून १५६९ मध्ये त्याला पकडलं, पोझोन्यच्या, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या कैदेत टाकलं. १५७२ मध्ये सुटला तो त्याच वर्षी वारला. त्याच्या थडग्यावरचा कोरीव दगड किल्ल्यातल्या वीरांच्या दालनात आहे. आणि किल्ला? १५९६ मध्ये सुलतान तिसरा मेहमेद स्वतः चालून आला तेव्हा आतली शिबंदी बहुतांश परदेशी भाडोत्री होती. तिनं किल्ला देऊन टाकला. एकोणचाळीस दिवस जे वाचवलं ते चव्वेचाळीस वर्षांनी असं गेलं, आणि पुढे ९१ वर्षं, १६८७ पर्यंत, एगेर तुर्की अमलात राहिलं. १७०२ मध्ये ऑस्ट्रियन फौजेनं बाहेरचा किल्ला सुरुंग लावून उडवला, कारण हंगेरियन बंडखोरांच्या हाती तो पडायला नको होता. तुला समोर दिसतो तो उरलेला अर्धा.

वर एका बुरुजावर लेखक गार्दोन्यी गेझाची समाधी आहे. या वेढ्यावरची त्याची कादंबरी इथल्या प्रत्येक शाळकरी मुलानं वाचलेली असते, त्यामुळे शाळांच्या सहली तिथे रांगेनं येतात. दगडावर दोनच शब्दांएवढा मजकूर आहे, अर्थ असा: फक्त त्याचं शरीर. मुलं तो मोठ्यानं वाचतात आणि मग पळतात.

किल्ल्याला अडीच तास दे. खाली उतरून दोन-तीन गल्ल्या पलीकडे मिनार. चाळीस मीटर उंच, सतराव्या शतकातला. मशीद १८४१ मध्ये पाडली, मिनार राहिला. तुर्क गेल्यावर तो पाडायला चारशे बैल जुंपले होते आणि तरी हलला नाही, अशी कथा गावात सांगतात. हंगेरीत असे तीनच उभे आहेत. आत ९७ पायऱ्या, गोल, इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं मागे सरकावं लागतं. बंद जागेची भीती असेल तर खालूनच बघ, काही बिघडत नाही. वर जायचं असेल तर पाठीवरची पिशवी पोटाशी घे.

जेवणाचं. शाकाहारी माणसाची इथली अडचण मांस नाही, चरबी आहे. 'बटाट्याची भाजी' म्हणून आलेली डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. राजमासारखं दिसणारं बीनचं सूप बहुतेक वेळा धुरवलेल्या मांसावर उकळलेलं असतं. पनीरसारख्या मऊ चीजच्या शेवयांवर वरून डुकराचे तळलेले तुकडे येतात. म्हणून नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. 'हूश नेल्क्यूल' म्हणजे मांसाशिवाय, आणि 'झीर नेल्क्यूल' म्हणजे चरबीशिवाय, दोन्ही म्हण. हमखास मिळणारं: रांतोट शॉयत, म्हणजे तळलेलं चीज. मशरूमचं पाप्रिकाश, आंबट सायीतलं. फ्योझेलेक हा घट्ट भाज्यांचा प्रकार मस्त असतो, पण वर काय घालणार ते विचारून घे. थंड चेरीचं गोडसर सूप मिळालं तर सोडू नकोस. इथले लोक ते जेवणाआधी पितात आणि आपल्या माणसाला ते गोडाचं वाटतं. चेरीचं किंवा खसखशीचं रेतेश, म्हणजे पातळ पापुद्र्यांची गोड गुंडाळी, दुपारी कॉफीबरोबर. मी स्वतः दोबो चौकातल्या टेबलांवर बसते, महाग पडलं तरी, कारण समोर चौकात दोबोचा पुतळा, मागे मिनोराइट चर्च आणि वर तट असं एकाच नजरेत येतं. पण पोटासाठीच जेवायचं असेल तर चौकातून दोन गल्ल्या आत जा.

मग लायसियम. हे मात्र चुकवू नकोस. बिशप एस्तेरहाझी कारोयला गावात विद्यापीठ काढायचं होतं. १७६५ ते १७८५ एवढी वर्षं खपून इमारत बांधली, आणि व्हिएन्नाच्या दरबारानं विद्यापीठाची परवानगीच दिली नाही. म्हणून नुसतं 'लायसियम', विद्यापीठाच्या खालची पायरी. वरच्या मजल्यांवर त्यानं खगोलशाळा बांधून घेतली, व्हिएन्नाचा खगोलशास्त्रज्ञ हेल मिक्शा याच्या सल्ल्यानं. मनोऱ्याला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सगळ्यात वर एक अंधारी खोली, मधोमध पांढरं गोल टेबल, छतातून आरसा आणि भिंग. दार लावलं की टेबलावर एगेर उमटतं. चित्र नव्हे, आत्ताचं, चालतंबोलतं. चौकातून माणसं जाताहेत, झाडं हलताहेत, एखादी सायकल टेबलाच्या कडेवरून घसरून नाहीशी होते. दाखवणारा माणूस दांडा फिरवतो तसं गाव फिरतं. दोनशे वर्षांहून जुनं यंत्र आणि आत वीज लागत नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका काकांनी सगळा किल्ला 'छान आहे, छान आहे' म्हणत बघितला होता. या खोलीतून बाहेर यायला ते तयार होईनात.

एकच अट: उजेड हवा. ढगाळ दिवशी टेबलावर राखाडी धुकं दिसतं. म्हणून सकाळीच आकाश बघ. दुपारनंतर ढग येणार असं हवामान सांगत असेल तर माझा क्रम मोड आणि आधी मनोरा कर. किल्ला पावसातही बघता येतो. खाली ग्रंथालय आहे, छतावर क्राकेर या चित्रकाराचं १७७८ चं त्रेंतच्या धर्मसभेचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेचं भित्तिचित्र. एका कोपऱ्यात पाखंडी पुस्तकांवर वीज पडते आहे, ती शोध. ग्रंथालयाच्या छतावर पुस्तकं जाळणारी वीज! मला दर वेळी हसू येतं.

बॅसिलिका शेवटी, वीस मिनिटं. १८३१ ते १८३७ या काळात उभी राहिली, वास्तुकार हिल्ड योझेफ. एस्तेरगोमच्या आणि बुडापेस्टच्या मोठ्या चर्चांवरही त्यानं काम केलं. आतमध्ये शांत बसायला चांगली. खरी गंमत तिच्या खाली आहे: आर्चबिशपची तळघरं, जिथे पूर्वी शेतकऱ्यांकडून दशमांश म्हणून आलेली वाइन साठवत. पाऊस असेल किंवा किल्ला लवकर आटपला असेल तर ती फेरी घे, नाहीतर सोड.

वाइनचंही तू विचारलं नाहीस, पण विचारशील. एगेरची लाल वाइन म्हणजे बिकावेर, 'बैलाचं रक्त'. गोष्ट अशी की वेढ्यात दोबोनं सैनिकांना लाल वाइन पाजली, दाढ्या लाल झाल्या, तुर्कांना वाटलं हे बैलाचं रक्त पितात. गोड गोष्ट आहे आणि बहुधा खोटी: या भागात लाल द्राक्ष रुजलं ते तुर्कांपुढून उत्तरेला सरकलेल्या सर्बांमुळे, आणि १५५२ मध्ये इथे मुख्यतः पांढरीच वाइन होत असावी. आजची बिकावेर केकफ्रांकोश या द्राक्षाभोवती बांधलेलं मिश्रण असते. सगळे तुला 'सुंदर बाईच्या दरीत' जायला सांगतील, टफमध्ये कोरलेल्या तळघरांची रांग, गावापासून चालत पंचवीसेक मिनिटं. एकटी असताना, दिवसाची सहल असताना, मी तिथे जात नाही. धोका म्हणून नाही. तिथे दोन तळघरांत बसलं की तिसऱ्यात बोलावतात, आणि वेळेचं भान जातं. मी तिथेच एकदा गाडी चुकवली आहे. चाखायचीच असेल तर चौकात जेवताना एक देत्सी माग, म्हणजे शंभर मिलिलिटर. वाइन इथे देत्सीनंच मोजतात आणि एवढीशी मागितली म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

गाडी चुकली तेव्हा मला जे कळलं ते तुला आधीच सांगते. एगेरचं बसस्थानक बॅसिलिकाच्या मागेच आहे, रेल्वे स्टेशनपेक्षा कितीतरी जवळ. तिथून बुडापेस्टच्या बस सुटतात, दोन तासांच्या आत पोचवतात आणि स्टेडियमजवळच्या थांब्यावर, मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनवर सोडतात. म्हणजे गाडी गेली तरी रात्र एगेरला काढावी लागत नाही. पण हा पर्याय खिशात ठेवायचा, त्यावर दिवस बांधायचा नाही. एगेरला उतरल्या उतरल्या, स्टेशनातच, फलकाचा फोटो काढ आणि परतीच्या दोन गाड्या ठरव: एक हवी ती, एक तिच्या नंतरची. बाकी दिवस कितीही विस्कटू दे. ऑक्टोबरच्या मध्यात सहाच्या सुमाराला अंधारतं; साडेपाच-सहाची गाडी धरलीस तर स्टेशनपर्यंतची ती वीस मिनिटांची चाल उजेडात होते. तुझं येणं महिन्याच्या शेवटावर गेलं तर लक्षात ठेव, शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेचार-पाचलाच अंधार होतो. २३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, त्या दिवशी उघड्या-बंदचं आधी बघ. गुरुवारचा फायदा असा की इथली संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, त्यात तू अडकत नाहीस.

एकटीनं जाणं ठीक आहे का? एगेरबद्दल शंका ठेवूच नकोस. सहलीचं गाव आहे, शाळकरी पोरं आणि आजीआजोबा यांनी भरलेलं. गाडीत रात्री रिकाम्या डब्यात बसू नकोस, एखादं कुटुंब बघून जवळ बस, एवढं पुरे. जपायचं ते केलेतीला: फोन मागच्या खिशात नको, आणि बाहेर टॅक्सी लावून उभे असतात त्यांच्याशी बोलू नकोस, मेट्रो खालीच आहे, नाहीतर अॅपवर गाडी बोलाव. मूळ पासपोर्ट जवळ ठेव, नुसता फोटो नको. स्टेशनावरच्या स्वच्छतागृहासाठी फोरिंटची सुटी नाणी हवीत. युरो घेऊन आलीस तर ते तिथे उपयोगाचे नाहीत. 'न्योई' लिहिलेलं दार बायकांचं.

आणि आईला आदल्या रात्रीच परतीच्या दोन्ही गाड्यांच्या वेळा पाठवून ठेव, भारतीय वेळेत मांडून. घड्याळ बदलायच्या आत आलीस तर आपण साडेतीन तास पुढे असतो. तू आठला केलेतीला उतरशील तेव्हा तिच्याकडे साडेअकरा वाजलेले असतील आणि ती जागीच असेल. फलाटावरूनच 'पोचले' एवढं लिही.